जिना ओला आहे

आमच्या घरात बाथरूम एकच आहे आणि ते वर आहे. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि बाबांची कामाची खोली, वर झोपायच्या खोल्या आणि बाथरूम, मधे लाकडी जिना. ज्यानं घर बांधलं त्यानं असं का केलं, हे विचारायला तो आता हयात नाही. आम्हाला सवय होती. पाहुण्यांना नसायची, पण आमच्याकडे पाहुणे फारसे येत नसत.

त्या रविवारी मात्र येणार होते. मी ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं तो आणि त्याची आई. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मशीनरूममधल्या आवाजानं त्याचा डावा कान जरा अधू झालाय. मी कानाची यंत्रं बसवते, तिथेच आमची ओळख झाली. बाबा त्याला लिफ्टवाला म्हणत. हिणवून नाही, ते सगळ्यांनाच धंद्यावरून ओळखतात. त्याची आई एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, आता निवृत्त. तिच्याबद्दल तो एवढंच म्हणाला होता की आई फार बोलत नाही, बघते.

हे 'बघते' बाबांच्या डोक्यात घर करून बसलं.

दोन-तीन दिवस आधी ते सोफ्यावर बसून समोर टक लावून राहिले.

"हा जिना तिला दिसणार," ते म्हणाले.

"कुणाला?" आईनं विचारलं. आई पडदे शिवते. शिवताना ती मान वर करत नाही, कुणी काहीही बोललं तरी.

"मेट्रनबाईंना. इथं बसलं की समोर जिनाच. आणि मुलगा लिफ्टवाला. त्या घरात जिन्याकडे जरा जास्तच बघत असणार."

जिना गडद तपकिरी होता. आधीच्या मालकानं लाकडाला स्टेन, म्हणजे आत मुरणारा रंग, मारून वर पॉलिश केलं होतं. आता तो मधोमध पावलांनी खाल्ला होता. एका पायरीवर कुंडीचा गोल डाग होता, एकीवर शाईचा, आणि एकीवर कशाचा ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. आई म्हणाली, मी कापड टाकून देते. बाबा म्हणाले, जिन्याला झबलं घातलेलं घर मी पाहिलेलं नाही. पांढरा रंग देऊ.

"रविवारी माणसं येणार आहेत," आई म्हणाली.

"तोवर वाळेल."

पांढऱ्या रंगाबद्दल बाबांशी बोलण्यात अर्थ नसतो. ते आयुष्यभर कवळ्या बनवत आले. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि बाबा मागच्या खोलीत बसून माणसांची तोंडं भरायचे. नुसता पांढरा असा रंगच नसतो, असं त्यांचं मत. चहा पिणाऱ्याचा पांढरा वेगळा, विडी ओढणाऱ्याचा वेगळा, खोटं हसणाऱ्याचा वेगळा. रंगाच्या दुकानात त्यांनी दुकानदाराला तासभर डबे उघडायला लावले. शेवटी एक ठरला. दुकानदार म्हणाला, "काका, खाली स्टेन आहे ना? मग आधी घासून घ्या, प्रायमरचा हात द्या, तो वाळू द्या, आणि मग रंग. नाहीतर खालचं वर येईल."

"कधी येईल?" बाबांनी विचारलं.

"येईल तेव्हा येईल."

"मग रविवारनंतर बघू," बाबा म्हणाले, आणि नुसता रंग घेऊन घरी आले.

पहिला हात दिला तेव्हा जिना खरोखर देखणा दिसत होता. हे बाबांच्या बाजूनं सांगायला हवं. एक आड एक पायरी रंगवायची, म्हणजे ये-जा चालू राहील, ही युक्ती त्यांचीच. आई लांब ढांगा टाकत, साडी वर धरून, कठड्याला लटकत वर जाऊ लागली. तक्रार म्हणून तिनं केली नाही. फक्त वर गेल्यावर ती लवकर खाली येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर पिवळे ढग उमटले होते. कुंडीचा गोल डाग तर पूर्वीपेक्षा ठसठशीत दिसत होता, कारण आता त्याला पांढरी पार्श्वभूमी होती. बाबा गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिले.

"लाकूड खराब आहे," ते म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांनी दुसरा हात दिला. मग तिसरा. हवा दमट होती आणि रंग आता सायीसारखा जाड झाला होता. वरून कोरडा वाटे, पण बोट लावलं की बोट तिथंच थोडा वेळ राहायचं. रविवारी सकाळी ढग पुन्हा वर आले. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, डबा हलवून पाहिला, आणि जाहीर केलं की शेवटचा हात सगळ्या पायऱ्यांवर एकदम बसणार आहे, तेव्हा ज्याला जायचंय त्यानं आत्ताच वर जाऊन यावं.

लांबच्या प्रवासाला निघावं तसे आम्ही एकेक करून जाऊन आलो. मग बाबा वरून खाली रंगवत आले, तळाला दोन खुर्च्या ठेवून त्यांना सुतळी बांधली, आणि टेबलफॅन जिन्याकडे तोंड करून लावला.

चारच्या सुमाराला पाहुणे आले. मेट्रनबाई उंच, ताठ, करड्या केसांच्या. आत येताच त्यांनी चपला दारात अशा काढून ठेवल्या की त्या सरळ रेषेत राहिल्या. सोफ्यावर बसल्या. समोर जिना.

"नवा रंग?" त्या म्हणाल्या.

"हो," बाबा म्हणाले. "हा पांढरा सहसा मिळत नाही."

"छान आहे."

बाबांचा चेहरा खुलला. लिफ्टवाला मात्र जिन्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर मला माहीत होती. बंद पडलेल्या लिफ्टपुढे तो असाच उभा राहतो. त्यानं हळूच माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

आईनं चहा आणला आणि सगळ्यांना अर्धा-अर्धा कप ओतला. आई मुळीच चिक्कू नाही. तिनं पुढचा विचार केला होता. पाणी तर तिनं विचारलंच नाही. मेट्रनबाईंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "फार छान झालाय. अजून मिळेल का?" आईनं कपात बोटभर ओतला. तोही संपवून त्यांनी कप पुढे केला. आता आईचा इलाज नव्हता.

गप्पा बऱ्या चालल्या होत्या. इस्पितळातल्या, लिफ्टमधल्या, कानांच्या. बाबा दातांबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे ते खरंच प्रयत्न करत होते. मग मेट्रनबाईंनी कप खाली ठेवला, हातरुमाल घडी करून पिशवीत ठेवला आणि इस्पितळात बोलावं तितक्या सरळपणे विचारलं, "बाथरूम कुठे आहे?"

टेबलफॅनचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

"वर," बाबा म्हणाले.

"बरं," म्हणत त्या उठल्या.

"फक्त, जिना ओला आहे."

"किती ओला?"

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मंगळवारपर्यंत वाळेल."

मेट्रनबाई पुन्हा बसल्या. मी म्हटलं, पायऱ्यांवर वर्तमानपत्रं टाकू. बाबा म्हणाले, ती कायमची चिकटतील, मग रोज त्याच बातम्या वाचत वर जावं लागेल. बाबांनी सुचवलं, मागच्या बाजूला शिडी आहे, वरच्या खिडकीला लावता येईल. मेट्रनबाईंनी फक्त बाबांकडे पाहिलं, आणि त्या बघतात म्हणजे काय ते आम्हाला कळलं.

"अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य," आई माझ्या कानाशी पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "अहो, शेजारी विचारून या."

"तू जा," बाबा म्हणाले.

"मी जाऊन उपयोग नाही. तुम्हाला माहितीये."

शेजारच्या काकूंशी आमचं बोलणं नव्हतं. पूर्वी होतं, चांगलं घरोब्याचं होतं. त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी बाबांनी, माप स्वतःच घेऊन, बनवून दिली. ती बोलताना टकटक वाजायची. काकूंनी बाबांना दोनदा सांगितलं. बाबा म्हणाले, "कवळी बरोबर आहे. दोष जबड्याचा आहे." त्या दिवशी काकूंनी आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली. पुढे गार्डकाका वारले, तेव्हा बाबा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. नंतर आई भेटायला गेली तर काकू दारातूनच म्हणाल्या, तुमच्यावर माझा राग नाही, पण तुमच्या घरातून कुणी यायचं तर आधी ते येतील.

ते कधी गेले नाहीत. इतकी वर्षं गेली की न जाणं ही एक सवयच झाली होती, बाथरूम वर असण्यासारखी.

आता मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि चपला घालत होत्या. "चला," त्या म्हणाल्या. बाबा उठले. सदऱ्याच्या बाहीवर पांढरा रंग होता, तो त्यांनी आत दुमडला. मी मागून गेले, कारण आईनं मला ढकललं.

काकूंनी दार उघडलं. बाबांना पाहून त्यांचा चेहरा हलला नाही.

"काय हवंय?"

"आमच्याकडे पाहुण्या आल्या आहेत," बाबा म्हणाले. "त्यांना तुमचं बाथरूम हवंय."

"तुमच्याकडे नाही?"

"आहे. पण जिना ओला आहे."

"कशानं?"

"रंगानं."

"वाळला नाही?"

"नाही."

"दोष कुणाचा?" काकूंनी विचारलं.

मेट्रनबाई बाबांच्या मागून पुढे आल्या. "तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या, "पण मी तेवढ्यात जाऊन आले तर चालेल का?"

काकूंनी ताबडतोब बाजूला होऊन त्यांना वाट दाखवली. डावीकडे, शेवटचं दार, कडी जरा घट्ट आहे. मग त्या परत उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मी आणि बाबा बाहेर पायपुसण्यावर.

"प्रायमर द्यायला हवा होता," बाबा म्हणाले. "दुकानदारानं सांगितलं होतं. मी दिला नाही."

आम्हाला निघून जाणं शक्य नव्हतं, कारण पाहुण्या आत होत्या. बाबांनी पायपुसण्याकडे बघत घसा साफ केला.

"वरची कवळी डावीकडून उचलली जायची," ते म्हणाले. "माप घेताना त्यांना खोकला आला होता. साचा हलला. पुन्हा माप घ्यायला हवं होतं. मला तेव्हाच दिसलं होतं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटतं, बाबाही.

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या.

"मग दुसरीकडून का करून घेतली नाहीत? शहरात माझ्यापेक्षा चांगले लोक होते."

"मी म्हटलं होतं त्यांना. तयार नव्हते. म्हणायचे, शेजारी राहतो तो, रोज दिसेल त्याला, वाईट वाटेल." काकूंनी दाराच्या कडीवरची धूळ बोटानं पुसली. "जेवताना काढून ठेवायचे. तुमच्यापुढे तेवढी घालायचे."

बाबांनी दुमडलेली बाही उलगडली आणि पुन्हा दुमडली.

मेट्रनबाई बाहेर आल्या, काकूंचे आभार मानले, आणि तुमच्या बाथरूमच्या कडीला थोडं तेल लावा म्हणाल्या. काकू म्हणाल्या, लावते. मग बाबांना म्हणाल्या, "कसला जिना केलाय तो तरी दाखवा." आणि चपला घालून आमच्याबरोबर निघाल्या. इतक्या सहज, की आईनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातातली किटली तिरकी झाली.

"या," आई म्हणाली. पुढे काय बोलायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून ती परत म्हणाली, "या."

काकू जिन्यापुढे उभ्या राहिल्या. "पिवळं दिसतंय."

"हो," बाबा म्हणाले.

"आणि वर कोण आहे?"

आम्ही मान वर केली. जिन्याच्या टोकाला लिफ्टवाला मोज्यांवर उभा होता. हातात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी.

झालं असं होतं की आम्ही गेल्यावर आईला गोळीची आठवण झाली, आणि गोळ्या वर. लिफ्टवाला म्हणाला, तुम्ही बसा, मी आणतो, आणि कठड्याच्या बाहेरच्या बाजूनं, पायऱ्यांच्या रंग न दिलेल्या कडेवर पाय टेकवत वर चढून गेला. आई नको नको म्हणत राहिली. तिच्या म्हणण्यानुसार माकडालाही इतकं नीट जमलं नसतं.

"मग उतर आता," मेट्रनबाई म्हणाल्या.

"कठड्याचा वरचा खांब हलतोय," तो म्हणाला. "चढताना टिकला. उतरताना निघेल."

"त्या खांबाचं मी करणारच होतो," बाबा म्हणाले.

त्यानं गोळ्यांची डबी खाली टाकली, आईनं पदरात झेलली. प्रश्न एवढाच उरला की आता त्याचं काय करायचं. काकू म्हणाल्या, माझ्याकडे वाळवणाची दोरी आहे. आई म्हणाली, मंगळवारपर्यंत जेवण टोपलीतून वर पाठवता येईल. मेट्रनबाई म्हणाल्या, राहू दे, तसाही तो घरी पसाराच करतो. मी इतका वेळ काळजीत होते, पण हे ऐकून मला जरा हलकं वाटलं. परक्या घरी मुलगा ठेवून जायला कुणी इतक्या सहजी तयार होत नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं तो चांगल्या कानाला लावला. बोलणं त्याच्या बाजूचंच ऐकू येत होतं, पण कळायला तेवढं पुरेसं होतं. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट मधेच अडकली होती. आत माणसं होती. वॉचमन घाबरला होता.

"आधी मेन स्विच बंद करा," तो जिन्याच्या टोकावर फेऱ्या मारत म्हणाला. "लाल हँडल. नाही, ते नाही. दाराला हात लावू नका. त्यांना म्हणावं खाली बसा, हवा भरपूर आहे. मी निघतोच." मग त्यानं खाली आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे, बघतो."

"उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात," काकू म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. सगळे बाबांकडे बघत होतो. जिना त्यांचा होता. सकाळचा हात एकही ओघळ न येता बसला होता आणि पिवळे ढग, बाबांच्या मते, अजून फक्त जाणकारालाच दिसत होते. बाबांनी खुर्च्यांची सुतळी सोडली. खुर्च्या बाजूला केल्या.

"या खाली," ते म्हणाले.

"काय?" लिफ्टवाल्यानं चांगला कान पुढे केला.

"पायऱ्यांवरून चालत या. मोजे काढा, नाहीतर ते तिथंच राहतील."

"काका, रंग..."

"मधोमध पाय टाका. कडेला घसराल."

त्यानं मोजे काढून खिशात कोंबले आणि उतरायला लागला. प्रत्येक पायरीवर पाऊल उचलताना चर्र असा आवाज यायचा आणि रंगाची साल पावलाबरोबर निघायची. जिथं पाऊल पडलं तिथं खालचं तपकिरी लाकूड उघडं पडत होतं, पाचही बोटांसकट. बाबा तळाशी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन उभे होते. तो खाली पोचल्यावर बाबांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याचा एक पाय हातात घेऊन स्वतः पुसायला लागले. तो संकोचून म्हणाला, मी पुसतो. बाबा म्हणाले, "तुम्हाला घाई आहे."

"त्याचे तळवे सपाट आहेत," मेट्रनबाई जिन्याकडे बघत म्हणाल्या. "लहानपणापासून."

तो गेला. दार लागल्यावर आईनं साडी जरा वर धरली आणि सरळ त्याच्या पावलांवर पाय टाकत वर निघून गेली. वरून बाथरूमच्या दाराचा आवाज आला. तीही सकाळपासून थांबली होती.

मग तिघी स्वयंपाकघरात बसल्या. आता चहा भरपूर झाला. काकूंचं बोलणं गार्डकाकांवरून निघालं ते मालगाड्यांवर गेलं आणि तिथून कुठं गेलं मला माहीत नाही, पण मेट्रनबाई एकदा चक्क मोठ्यानं हसल्या. लग्नाचं काही बोलणं झालं नाही. अधूनमधून 'लग्नानंतर' असा शब्द यायचा, तारीख ठरल्यासारखा.

बाबा आत गेले नाहीत. त्यांनी आपल्या खोलीतून पुट्टी भरायची पत्र्याची पट्टी आणली आणि सर्वांत खालच्या पायरीवरचा रंग खरवडायला बसले. ओला असल्यामुळे तो लांबच्या लांब निघत होता. मी म्हटलं, उद्या करा. ते म्हणाले, उद्या वाळायला लागेल. मी शेजारी बसून निघालेला रंग वर्तमानपत्रात गुंडाळत राहिले. एकदा पट्टी थांबवून ते म्हणाले, "माझ्यापुढं कधी काढली नाही त्यानं. एकदाही." आणि पुन्हा खरवडायला लागले.

लिफ्टवाला परत आला तेव्हा दिवे लागले होते आणि बाबा तिसऱ्या पायरीवर होते. त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि अजून पट्टी आहे का विचारलं. बाबांनी आपली त्याला दिली आणि स्वतःसाठी कवळ्या तासायची सुरी आणली. तिला ते कुणालाही हात लावू देत नसत. दोघं एकाच पायरीवर दोन बाजूंनी बसले.

"सुटले का?" थोड्या वेळानं बाबांनी विचारलं.

"हो. नवरा-बायको होते. आत भांडत होते."

"अडकले म्हणून?"

"नाही, आधीपासूनच. दार उघडलं तरी बाहेर येईनात. मला म्हणाले, एक मिनिट."

"मग?"

"मग थांबलो," लिफ्टवाला म्हणाला. "त्यांचं व्हायचं होतं."

बाबांनी मान हलवली आणि सुरी कोपऱ्यात घातली, जिथं पट्टी पोचत नव्हती.